प्लास्टिक काढायचं नाही

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं असेल तर माझी परवानगी लागते, आणि ती मी आजवर कुणालाही दिलेली नाही.

फ्रिज आला तेव्हा ऋतुजा, म्हणजे आमची मुलगी, रांगत होती. आता ती पदवीधर झाली, पण फ्रिजच्या दारावरची निळसर फिल्म जागच्या जागी आहे (एका कोपऱ्यात सुटली होती, तिथे मी चिकटपट्टी लावलीय). टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो. सोफ्यावर कंपनीचं मूळ प्लास्टिक आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पाहुणा उठला की चर्रर्र असा आवाज येतो आणि पाहुणा जातोय हे मला स्वयंपाकघरात कळतं. ट्रॅक्टरच्या सीटवरचं प्लास्टिक उन्हानं फाटलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. लोक हसतात. हसू देत. लोणखेड्यात घराच्या एका बाजूला पपईचा मळा आणि दुसऱ्या बाजूला उसाच्या गाड्यांचा रस्ता असला, म्हणजे धूळ काय चीज असते ते कळतं.

बाकी मी व्यवहारी बाई आहे. किराण्याची यादी वेगळी, औषधांची वेगळी, लग्नाला जाताना बॅगेत काय भरायचं त्याची वेगळी, आणि परत येताना त्यातलं काय विसरायचं नाही त्याची आणखी वेगळी. आमचे हे म्हणतात, मी देवळात गेले तरी नवस क्रमवारीनं बोलते. ते खरं आहे. देवाचाही वेळ वाचतो.

तर अशा घरात कॉम्प्युटर जुळवायचं ठरलं.

त्याचं असं झालं. ऋतुजाला व्हिडिओ एडिटिंगचा नाद. मैत्रिणींचे वाढदिवस, गावातली हळद, होळीला काठी गावाला गेलो होतो तेव्हाचे ढोल, असं काय काय ती जुन्या लॅपटॉपवर जोडत बसायची. शहाद्याचे सलीमभाई लग्नाची शूटिंग करतात. आमच्या घरातली सगळी लग्नं त्यांनीच टिपली. त्यांनी तिचं काम पाहिलं आणि एका मोठ्या लग्नाची फिल्म जोडायला दिली. रविवारी शहाद्यात रिसेप्शन होतं, तिथे पडद्यावर ती दाखवायची होती. जमलं तर पुढच्या सगळ्या लग्नसराईचं काम तिला. आणि नाही जमलं तर? नाही जमलं तर पुण्याला मावशीकडे राहून स्पर्धा परीक्षेचा क्लास, असं तिच्या पप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं. क्लासचं नाव निघालं की पोरीचा चेहरा कारल्याची भाजी वाढल्यासारखा व्हायचा. तिला इथेच राहायचं होतं, हेच काम करायचं होतं, आणि त्यासाठी हाताशी एकच रविवार होता.

लॅपटॉपनं तर ती फिल्म उघडतानाच मान टाकली.

"तयार कॉम्प्युटर महाग पडस," ऋतुजा म्हणाली. "पार्ट आणीसन घरीच जोडू. मले येस."

पार्ट आणायचे म्हणजे यादी. माझा जीव हरखला! मी वही घेऊन बसले. ती सांगत गेली, मी लिहीत गेले : प्रोसेसर, म्हणजे मेंदू. मदरबोर्ड, म्हणजे सगळे जिथे बसतात ती ओसरी. रॅम. ग्राफिक्स कार्ड, तेवढं जुन्यातलं चालेल. कॅबिनेट, म्हणजे पेटी. आणि प्रोसेसर तापतो म्हणून त्याच्या डोक्यावर बसवायचा कूलर, म्हणजे पंखा लावलेला धातूचा ठोकळा. कशासाठी हवा, या रकान्यात मी लिहिलं, 'व्हिडिओ एडिटिंग'. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्याच्यापुढे ह्यांच्या अक्षरात जोडलेलं, 'आणि थोडं गेम'.

विचारलं तर म्हणाले, ट्रॅक्टर चालवायचा एक गेम असतो म्हणे. मी म्हटलं, दिवसभर चालवता तो काय आहे? तर म्हणाले, "त्याले डिझेल लागस."

आम्ही तिघं सुरतेला जाऊन सगळं घेऊन आलो. येताना एसटीत कॅबिनेटला खिडकीची जागा मिळाली आणि ह्यांना मिळाली नाही. विसरवाडीला बस थांबली तेव्हा हे भजी खायला उतरले, आणि मी यादी काढून एकेक खोकं मोजायला लागले. कूलरचं खोकं सापडेना. मी सीटखाली वाकले, पुढच्यांना उठवलं, मागच्यांचे पाय वर करायला लावले. कंडक्टर डबल बेल द्यायच्या बेतात होता, तर मी बेलची दोरीच धरून ठेवली. तेवढ्यात हे भज्यांचा पुडा घेऊन चढले. पुडा कशावर ठेवला होता? कूलरच्या खोक्यावर. ट्रे म्हणून खाली घेऊन गेले होते! नंदुरबारपर्यंत मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. खोक्याला तेल लागलं होतं, पण आतली वस्तू सीलबंद होती. प्लास्टिकचं महत्त्व मला नव्यानं पटलं, आणि पुढचं सगळं रामायण या पटण्यातूनच घडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुळवाजुळव सुरू झाली. कॅबिनेटला एका बाजूनं काच होती, आत रंगीत दिवे दिसावेत म्हणून. काचेला आतबाहेर फिल्म.

"मम्मी, काचवरलं प्लास्टिक काढू?"

"ऱ्हाऊ दे. घाई काय शे?"

तिनं हात मागे घेतला. (समजूतदार आहे. माझ्यावर गेलीय.) मग तिनं प्रोसेसर बसवला, रॅम बसवली, आणि कूलर खोक्यातून काढला. त्याच्या तळाला तांब्याचा चकचकीत चौकोन होता आणि त्यावर पातळ, पारदर्शक फिल्म. मला न विचारता तिनं ती टर्रकन ओढली आणि केराच्या टोपलीत टाकली. मी तोंड उघडणार, इतक्यात सलीमभाईंचा फोन आला आणि ती बोलत बोलत ओसरीवर गेली.

टेबलावर तो तांब्याचा तळ उघडा पडला होता. वर पंखा फिरत होता, खिडकी उघडी होती, रस्त्यावरून उसाची गाडी चालली होती. तुम्हीच सांगा, काय करायचं माणसानं?

मी टोपलीतून फिल्म काढली. चांगली धडधाकट होती. तिच्यावर बारीक लाल अक्षरांत इंग्रजीत काहीतरी छापलं होतं. चष्मा आत होता, पण कंपनीनं मुद्दाम छापलंय म्हणजे महत्त्वाचीच असणार, असा मी विचार केला. पदरानं पुसली. कोपऱ्याला कोपरा जुळवून परत चिकटवली आणि आधारकार्डाच्या कडेनं हवा काढली. मोबाईलवर फिल्म लावणाऱ्या पोरांनाही जमणार नाही इतकी सुबक. एक बुडबुडा राहू दिला नाही मी.

ऋतुजा आली ती फोन खांद्यानं कानाशी दाबूनच. एका हातानं प्रोसेसरवर ती पांढरी पेस्ट टाकली (मेंदूची उष्णता कूलरला नीट मिळावी म्हणून लावतात म्हणे), दुसऱ्या हातानं कूलर उलटा करून वर ठेवला, आणि चार स्क्रू आवळले. तिकडे सलीमभाई रविवारचं बोलत होते, इकडे मी समाधानानं भांडी घासायला गेले.

संध्याकाळी हळदीकुंकू वाहून बटण दाबलं. स्वस्तिक मी काचेच्या प्लास्टिकवरच काढलं, म्हणजे पुसायला सोपं. आतले रंगीत दिवे त्या फिल्ममधून धुक्यातल्या जत्रेसारखे दिसले. कॉम्प्युटर सुरू झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. शेजारच्या विमलकाकू दोनदा पाहून गेल्या.

पहिला मान ह्यांनी घेतला. गेममधला ट्रॅक्टर काढला, नांगर जोडला. प्रत्यक्षात ह्यांच्या सरी बैल मुतल्यासारख्या असतात, पण गेममध्ये बाण सोडल्यासारखी सरळ सरी चालली होती. शेताच्या मधोमध पोचले आणि फट्‌! पडदा काळा.

हे जरा वेळ तसेच स्टिअरिंग धरल्यासारखे बसले. मग म्हणाले, "डिझेल सरनं का काय?"

परत चालू केला. परत चालला. ऋतुजानं फिल्म जोडायला घेतली. किरकोळ काम असलं की यंत्र गुपचूप करायचं. पण सगळे तुकडे एकत्र शिजवून एकच फिल्म तयार करायची, त्याला ही मुलं रेंडर म्हणतात, ते लावलं की जरा पुढे जायचं आणि फट्‌. परत लाव, परत फट्‌. रविवार तिकडून चालत येत होता आणि पोरीची फिल्म पाव वाटेवरून मागे फिरत होती.

मग घरात वैद्य जमले.

पहिले वैद्य आमचे हे. त्यांनी निदान केलं, "लाइटना दोष शे. घरले अर्थिंग नही, यंत्र टिकी कसं?" पपईची तोडणी मजुरांवर सोपवून त्यांनी अंगणात कंबरभर खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ होतं ते. मी विरोध केला नाही, फक्त किराण्याच्या यादीत मीठ परत लिहिलं. अर्थिंग झालं, बटण दाबलं, रेंडर लावलं. फट्‌.

दुसऱ्या वैद्य विमलकाकू. "सुरतहून इतलं मोठं खोकं आनं, आख्ख्या गल्लीनी देखं. नजर लागनी, दुसरं काय," म्हणाल्या. गल्लीतून सगळ्यात जास्त वेळा कुणी पाहिलं होतं ते मी बोलले नाही. त्यांनी लिंबू-मिरची आणून कॅबिनेटला बांधली. मिरचीचा देठ मागच्या पंख्यात अडकला आणि करकर आवाज आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "देखा, नजर निघी ऱ्हायनी."

तिसरे सलीमभाई. ते शनिवारी दुपारी स्वतः आले. चेहऱ्यावर काळजी होती, कारण त्यांनी मुलीकडच्यांना शब्द दिला होता. तरी आल्या आल्या म्हणाले, "फिकर मत कर बेटा, रॅम को रबर मारते हैं." मग माझ्याकडून खोडरबर घेऊन त्यांनी रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात घासले. फरक पडला नाही, पण ऋतुजा त्या घासण्याकडे पाहता पाहता पहिल्यांदा हसली, म्हणून मी तो इलाज लागू पडला असंच धरते.

मग ऋतुजानं पडद्यावर एक आकडा उघडला. प्रोसेसरचं तापमान. रेंडर लावताच आकडा मे महिन्यातल्या दुपारसारखा चढायला लागला.

"मेंदू तापी ऱ्हायना," ती म्हणाली. "तापस, मंग जीव वाचाडाले बंद पडस."

एवढं कळल्यावर मी कामाला लागले. ताप आहे म्हणजे उपाय माझ्याकडे. आम्हा चौघांनी मिळून मागच्या खोलीतला पत्र्याचा मोठा पाण्याचा कूलर ओढत आणला आणि कॉम्प्युटरच्या तोंडासमोर लावला. त्यानं पहिलाच जो झोत सोडला त्यात ह्यांचे पपईच्या हिशेबाचे कागद उडाले, लिंबू उडालं आणि पाण्याचे चार तुषार काचेवर बसले.

"मम्मी, पाणी!"

"प्लास्टिक शे त्यावर," मी शांतपणे म्हटलं. या वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

तरी आकडा चढतच होता. कॉम्प्युटर समोर, आम्ही पाच जण भोवती, विमलकाकू हातपंख्यानं वारा घालतायत. एखाद्या घरात म्हातारं माणूस शेवटचं असतं तसं दृश्य. फिल्म अर्ध्याच्या पुढे गेली. आम्ही श्वास रोखले. फट्‌.

ऋतुजा उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिची पाठ आमच्याकडे होती. हे म्हणाले, जाऊ दे बेटा, पुण्यालाही करमेल हळूहळू. ते समजुतीनं म्हणाले, पण तिची पाठ हलली. यादीत न बसणारं असं काही समोर आलं की मला सुचेनासं होतं. मी उगीच टेबल पुसायला घेतलं.

मग तीच वळली. डोळे पुसून म्हणाली, "एकदाव सगळं खोलीसन देखस. कूलर काढीसन."

चार स्क्रू निघाले. तिनं कूलर वर उचलला, उलटा केला आणि तशीच थांबली. सलीमभाई वाकले. हे वाकले. तांब्याच्या तळावर, पेस्टनं माखलेली, उष्णतेनं जराशी सुरकुतलेली, पण कोपऱ्याला कोपरा जुळलेली फिल्म.

"हाई तं मी काढेल व्हतं," ऋतुजा हळू म्हणाली. "परत कोणी चिपकाडं?"

घरातले सगळे एकाच दिशेला पाहत होते, आणि ती दिशा मी होते.

"उघडं व्हतं," मी म्हटलं. "धूळ बसती."

सलीमभाईंनी खिशातून चष्मा काढला, फिल्मवरची लाल अक्षरं वाचली आणि अगदी अदबीनं मराठीत सांगितलं, "भाभी, लिहिलंय की बसवण्याआधी हे काढावं."

म्हणजे मेंदूला थंड करणारं यंत्र आणि मेंदू यांच्यात मी प्लास्टिकची चादर अंथरली होती. वर बुडबुडे काढून!

मला वाटलं आता पोरगी ओरडणार. तिचा हक्क होता. ती खुर्चीत बसली, तोंडावर हात घेतला, खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेले तर ती हसत होती. इतकं हसली की टेबलावर डोकं टेकवलं. "एकबी बुडबुडा नही, मम्मी," एवढंच तिला मधे मधे बोलता येत होतं. मग हे हसले, मग सलीमभाई, आणि विमलकाकू काही न कळता सगळ्यांत मोठ्यानं.

तळ पुसला, नवी पेस्ट लावली, कूलर उघड्या तळानं बसवला. (मी तेव्हा मुद्दाम चहा करायला गेले. पाहवलं नसतं.) रेंडर लावलं. चहा होईतो अर्ध्यावर, कप विसळेतो शेवटाला. आकडा गारेगार. दिवेलागणीच्या आत फिल्म सलीमभाईंच्या खिशात होती.

रविवारी आम्हालाही रिसेप्शनचं बोलावणं होतं. पडद्यावर नवरीचे वडील दिसले, मांडवाच्या कोपऱ्यात एकटेच उभे, उपरण्यानं डोळे टिपताना. ती दोन क्षणांची जागा ऋतुजानं शोधून ठेवली होती. हॉलमध्ये जेवणारे हात थांबले. ते गृहस्थ स्वतः उठून आमच्याजवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. तेव्हा आमच्या ह्यांनी दुसरीकडे पाहिलं. घरी येताना गाडीत म्हणाले, मावशीला फोन करून सांगून दे, पोरगी येत नाही.

पुढे कुणीतरी विचारलंच, की कॉम्प्युटरला झालं होतं काय? ऋतुजा पटकन म्हणाली, "काही नही, एक पार्ट खराब व्हता." त्यावर हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "व्हता नही, शे. पण तो बदलता येस नही. वॉरंटी कव्हयनीच सरी गयी."

आता मागे वळून पाहते तेव्हा मला त्या आठवड्यातल्या एकेका माणसाचे आभार मानावेसे वाटतात. ह्यांनी तोडणी सोडून खड्डा खणला, त्यामुळे कॉम्प्युटरचं काही झालं नाही, पण वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या यायच्या त्या कायमच्या थांबल्या. सलीमभाईंचा शब्द पणाला लागला होता, तरी त्यांनी पोरीला एक शब्दानं टोचलं नाही. विमलकाकू आजही सांगतात की मिरचीनं काम केलं. सांगू देत, त्यांनी हात भरून येईतो वारा घातला होता. आणि ऋतुजा. जिचा रविवार माझ्या सुबकपणापायी जाता जाता राहिला, ती हसली. ती लग्नसराईभर घरात आहे, पलीकडच्या खोलीतून सनईचे तेच ते तुकडे दिवसभर ऐकू येतात, आणि मला ते चालतं. संध्याकाळी खुर्ची ह्यांच्या ताब्यात. थोडं गेम.

माझ्यातही सुधारणा झाली आहे. सोफ्यावरचं प्लास्टिक मी गेल्या महिन्यात काढलं. (धुवायला. वाळल्यावर घातलं.)

ऋतुजानं पहिल्या कमाईतून माझ्यासाठी भेट आणली. कूलरची ती फिल्म धुऊन, लाल अक्षरांसकट, सोनेरी फ्रेममध्ये बसवून कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर लावलीय. येणारा जाणारा विचारतो आणि ती सांगते. मी रोज सकाळी ती फ्रेम फडक्यानं पुसते, आणि पुसताना काळजी घेते, कारण तिच्या काचेवर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच आहे.